दहा नंबरचं तेल

भोरच्या पुढे नीरा देवघरच्या पाणलोटाला उन्हाळ्यात एक वाट उघडी पडते. पाणी उतरलं की आधी भेगाळलेल्या गाळाच्या खपल्या, मग गोटे, मग काळ्या पाषाणाची गुडघाभर उंच पायरी आणि ती चढलं की पुन्हा गोटे. मार्चमधल्या एका सकाळी माझी भाची त्या वाटेनं वर आली, कच्च्या वाटांसाठीची आपली एक्सपल्स मोटरसायकल स्टँडला लावली, हातमोजे काढले आणि मनगटं झटकत उभी राहिली. "मामा, गाडी एकेक दगड मोजून दाखवतेय. आधी अशी नव्हती रे." आधी म्हणजे सर्व्हिसिंगच्या आधी. पुढच्या शॉकअपचे, म्हणजे फोर्कचे, सील गळत होते म्हणून ते बदलले होते आणि सील बदलले की ऑइलही नवं भरावंच लागतं. बिलावर स्वच्छ लिहिलेलं होतं, फोर्क ऑइल १० डब्ल्यू, म्हणजे घट्टपणाचा दहा नंबर. त्याआधी गाडीत जे होतं तेही १० डब्ल्यूच. सील नीट बसले होते, ऑइल नवंकोरं होतं, माप बरोबर होतं. कुणाचंही काही चुकलेलं नव्हतं आणि पोरीची मनगटं मात्र ठणकत होती.

हे काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना.

भाचीला हे वेड लागलं ते २०२४ च्या जानेवारीत. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉसची लीग झाली, तेव्हा ती मैत्रिणींबरोबर गेली होती. मातीच्या उंचवट्यावरून गाड्या हवेत जातात, खाली येतात आणि पुढचं चाक जमिनीला टेकताना आरोहीचं डोकं जवळजवळ हलतच नाही, हे तिनं मला घरी येऊन हातवारे करून सांगितलं. तिनं उडीपेक्षा उतरणं पाहिलं, याचं मला फार अप्रूप वाटलं. त्या गाड्यांचा पुढचा फोर्क ३०० मिलिमीटरच्या आसपास दबतो. तिच्या एक्सपल्सचा १९०. ती गाडी म्हणजे मोटोक्रॉसची गाडी नव्हे, पण आपल्याकडच्या कितीतरी पोरापोरींना पहिल्यांदा डांबर सोडायचं धाडस तिनंच दिलं आहे. आणि ३७ मिलिमीटर जाडीच्या तिच्या त्या दोन नळ्यांमध्ये काय भरायचं, हा प्रश्न स्पर्धेच्या गाडीइतकाच खरा आहे.

घरी आल्यावर कपाटातली माझी अर्धी उरलेली बाटली काढली. आधी तिच्या गाडीत हेच होतं, फिकट निळं. गॅरेजवाल्यानं नवं उरलेलं ऑइल बाटलीसकट परत दिलं होतं, ते लालसर. कंपन्या वेगळ्या, आकडा एकच. होमिओपॅथीच्या दोन सारख्या बाटल्यांत दोन्ही ओतली, वर थोडी हवा सोडून बुचं लावली आणि दोन्ही एकदम उलट्या केल्या. निळ्यातला बुडबुडा झपकन वर गेला. लालातला त्याच्या मागून पोचला. फरक अर्ध्या क्षणाचा, पण होता. भाची म्हणाली, "परत कर." परत केलं. पुन्हा तेच.

बुडबुडा बघायला मी शिकलो तो इचलकरंजीत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मिस्त्रींचं दुकान होतं, दोन्ही बाजूंना यंत्रमागांचे कारखाने. मागांचा खडखडाट असा की दुकानात बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. मिस्त्रींकडे येझदी यायच्या, बुलेट यायच्या, आणि त्या काळात फोर्क ऑइल नावाची वेगळी बाटली आमच्याकडे कुणी पाहिलेली नव्हती. मिस्त्री स्वतःच तेल तयार करायचे. एका बरणीत चाळीस नंबरचं इंजिन ऑइल, दुसरीत मागाला घालतात ते पातळ स्पिंडल ऑइल. इचलकरंजीत स्पिंडल ऑइलला काय तोटा! त्यांचे थोरले भाऊ सायझिंगमध्ये कामाला होते. सुताला जी खळ लावतात ती फार पातळ झाली तर सूत मागावर तुटतं, फार घट्ट झाली तर ते कडक होतं. म्हणून तिथे तळाला भोक असलेला कप खळीत बुडवून उचलायचा आणि तो रिकामा व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायचं, अशी रीत असते. भावाचं हे ऐकून मिस्त्रींनी आपली सोपी रीत बसवली होती. काचेच्या बारक्या बाटलीत तेल, वर जरा हवा, बूच, आणि बाटली उलटी. बुडबुडा किती निवांत चढतो ते बघायचं. रंगांच्या आणि व्हार्निशच्या कारखान्यांत घट्टपणा मोजायला अशाच बुडबुड्याच्या नळ्या वापरतात, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचून कळलं. मिस्त्रींना ते ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

त्यांच्या फळीवर तयार तेलाच्या तीन-चार बाटल्या कायम असत. दूधवाल्याच्या येझदीला घट्ट, कारण मागे दोन्ही बाजूंना कॅन. हायस्कूलच्या मास्तरांना पातळ, कारण मास्तरांचं वजनच नव्हतं. आमच्या आप्पांची येझदी आली की मिस्त्री आधी गाडीवर काहीच करत नसत. पुढचा ब्रेक धरून हँडल दोन्ही तळव्यांनी खाली दाबायचे, सोडायचे, आणि ते वर कसं येतं ते मान तिरकी करून बघायचे. एकदा मी फुशारकीनं इंजिन ऑइलच्या डब्यावरचा आकडा मोठ्यानं वाचून दाखवला. मिस्त्री म्हणाले, "नंबर काय वाचतोस लेका? आधी दाबून बघ की." त्यांच्या त्या मिश्रणाची शिफारस आज मी कुणालाही करणार नाही. इंजिन ऑइलमधली पुष्कळशी द्रव्यं काजळी धरून ठेवण्यासारख्या इंजिनातल्या कामांसाठी असतात; फोर्कच्या बारीक भोकांतून हजारो वेळा घुसळलं जाण्यासाठी ते बनवलेलं नसतं. फेस झाला की तेलाच्या जागी हवा भोकातून जाते आणि फोर्क रिकामा पडतो. पण माणूस बघून तेल ठरवायचं, ही गोष्ट त्यांच्या दुकानात मी इतक्या लहानपणी पाहिली की पुढे मला ती वेगळी शिकावी लागली नाही.

टेलिस्कोपिक फोर्कमध्ये तेलाचा दाब वापरून हेलकावे आवरायचे, ही युक्ती मोटरसायकलवर पहिल्यांदा बाजारात आली ती १९३५ मध्ये, बीएमडब्ल्यूच्या आर १२ वर. आज नव्वद वर्षांनी आपल्या बहुतेक गाड्यांच्या फोर्कमध्ये साध्या रचनेत तेच तत्त्व आहे. आत एक पोकळ दांडा, त्याला ठरावीक भोकं, भोवती तेल आणि भार पेलायला स्प्रिंग. चाक वर आलं की तेल भोकांतून एका बाजूला जातं, चाक खाली गेलं की दुसऱ्या बाजूला. स्प्रिंगला फक्त ढकलणं कळतं, थांबणं कळत नाही. थांबवतं ते तेल. आता भोकाचा स्वभाव असा की तेल हळू जात असेल तर ते फारसा विरोध करत नाही, आणि वेग दुप्पट झाला की विरोध चौपटीच्या दिशेनं वाढत जातो. म्हणून ब्रेक मारल्यावर तोंड खुपसणारी गाडी धारदार दगडावर मात्र कडक लागते. दोन्ही तक्रारी एकाच फोर्कच्या, एकाच वेळी. ब्रेकचं खुपसणं कमी व्हावं म्हणून घट्ट तेल घातलं की दगड मनगटात येतो. दगड शांत करायला पातळ घातलं की गाडी वळणावर तरंगते. महागड्या फोर्कमध्ये भोकांऐवजी पातळ पत्र्यांच्या चकत्यांचे थर असतात, ते वेग बघून वाकतात. तिथे तेल पातळच लागतं आणि कडक-मऊ करण्याचं काम चकत्यांचं. साध्या फोर्कवाल्यांच्या हातात तेल हीच एक मोठी किल्ली.

आणि त्या किल्लीवर कोरलेला आकडाच भरवशाचा नाही.

इंजिन ऑइलच्या आकड्यांना एक सर्वमान्य नियमावली आहे. फोर्क ऑइलच्या ५, १०, १५ या आकड्यांना तसं कुणी बांधून ठेवलेलं नाही. कंपनी आपल्या अंदाजानं आकडा छापते. एका कंपनीचं ५ नंबर ४० अंश सेल्सिअसला १६ सेंटिस्टोक भरतं, दुसरीचं २६. एकीचं १० नंबर तिशीत, दुसरीचं पंचेचाळिशीच्या पुढे. म्हणजे एका घरातलं घट्ट पाच आणि दुसऱ्या घरातलं पातळ दहा हे एकमेकांचे सख्खे शेजारी, आणि दोन दहांमध्ये मात्र दीडपटीची दरी. सेंटिस्टोक हा घट्टपणाचा खरा आकडा, आणि तो ठरावीक तापमानालाच सांगावा लागतो. जेसीबीत भरायच्या हायड्रॉलिक ऑइलच्या डब्यावर ३२, ४६, ६८ असं लिहिलेलं असतं. ते आकडे ४० अंशाचे सेंटिस्टोकच, दहा टक्के इकडे-तिकडे. जेसीबीवाल्याला जे डब्यावर मिळतं ते दुचाकीवाल्याला कंपनीच्या वेबसाइटवर डेटा शीट, म्हणजे तेलाच्या गुणधर्मांचा तक्ता, धुंडाळून शोधून काढावं लागतं, आणि सगळ्यांचं ते सापडतही नाही. मला याचा मनापासून राग येतो. ही माहिती गुप्त नाही, कंपनीच्या प्रयोगशाळेत ती असतेच, आणि बाटलीवर एवढी जागा असते की त्यावर उडणारी गाडी छापता येते.

निळ्याची डेटा शीट मिळाली, आकडा तीसच्या आसपास. लालाची मिळाली नाही. मग बुडबुड्याच्या पुढे जाणं भाग होतं, कारण इतक्या पातळ तेलात तो डोळ्याला चकवतो. जनावरांच्या औषधांच्या दुकानातून जाड सुई आणली, वीस मिलिची सिरिंज घेतली, दट्ट्या काढून टाकला. सिरिंज उभी बांधायची, तेल वरपर्यंत भरायचं आणि वीसच्या खुणेपासून दहाच्या खुणेपर्यंत उतरायला लागणारा वेळ मोबाइलवर बघायचा. दोन्ही तेलं एकाच खोलीत, एकाच तापमानाला, रात्रभर शेजारी ठेवलेली हवीत, कारण दोन अंशांचा फरकही वेळ बदलतो. भाचीनं फोन धरला, मी सुईखाली वाटी. निळं एका बारीक, न तुटणाऱ्या धारेनं उतरलं. लालाची धार शेवटी शेवटी थेंबांवर आली. वेळ जवळपास दीडपट. खोलीच्या तापमानाचा हा हिशोब ४० अंशाला तंतोतंत लागू होत नाही, पण ठोकळमानानं लाल तेल पंचेचाळीसच्या घरात बसत होतं. पोरीच्या मनगटांनी जे आठवडाभर आधी सांगितलं होतं, ते सुईनं आता सांगितलं.

तिची तक्रार "कडक" अशी होती, पण त्या वाटेवर तिच्या मागून गाडी चालवताना मला वेगळंच दिसलं होतं. फोर्कच्या नळीला मी एक झिप टाय बांधला होता. तो वर किती सरकतो त्यावरून फोर्क किती दबला ते कळतं. तो अर्ध्याच्या थोडा वर जाऊन थांबलेला. मात्र गोट्यांच्या रांगेत तिचं हँडल पहिल्या दगडाला खाली गेलं ते पुरतं वर आलंच नाही, तेवढ्यात दुसरा दगड, मग तिसरा. प्रत्येक दगडाला फोर्क आधीच्यापेक्षा थोडा जास्त दबलेला. घट्ट तेलानं त्याचं वर येणं इतकं मंद केलं होतं की पुढच्या धक्क्यासाठी त्याच्याकडे जागा उरत नव्हती. माझ्यासारख्या ऐंशी किलोच्या माणसाला याच तेलात कदाचित काही वाटलं नसतं. उभं राहून हँडलवर भार दिला की फोर्क वेगळ्या पट्ट्यात काम करतो आणि धक्क्यापुढे माझं वजन नांगरासारखं उभं असतं. भाची बावन्न किलोची आहे. तिच्या अंगावर धक्का थेट जातो.

जुनं निळं परत भरलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पण भाचीनं विचारलं, "याच्याहून पातळ घातलं तर?" आणि मला मास्तरांची येझदी आठवली.

मिश्रण करायचं तर एकाच कंपनीचं, एकाच मालिकेतलं, हा माझा हट्ट आहे. खनिज तेल आणि सिंथेटिक तेल सहसा एकमेकांत मिसळतात, बरणीत दूध फाटल्यागत होत नाही. तरीही प्रत्येक कंपनीची फेसाविरुद्धची, झिजेविरुद्धची, सील मऊ ठेवण्याची द्रव्यं वेगळी आणि दोन घरची द्रव्यं एकत्र कशी वागतील हे बाटली बघून सांगता येत नाही. शिवाय हिशोबही साफ राहतो. हिशोबाची गंमत अशी की तो साध्या सरासरीनं लागत नाही. १६ आणि ४५ ही दोन तेलं निम्मी-निम्मी घेतली तर सरासरी साडेतीस येते, पण मिश्रण प्रत्यक्षात २६ च्या आसपास भरतं. पातळ तेल आपल्या वाट्यापेक्षा जास्त खेचतं. तेलवाले यासाठी लॉगॅरिदमचं सूत्र वापरतात, आणि शाळेत ज्या लॉगच्या तक्त्यांचा मला कंटाळा होता ते चाळिशी उलटल्यावर फोर्कसाठी उघडताना मला खरोखर आनंद झाला. आमच्याकडे निळ्याचं १० नंबर तीसचं आणि त्याच घरातलं ५ नंबर सोळाचं. दोन भाग दहा, एक भाग पाच. सूत्रानं उत्तर आलं चोवीस.

तापमानाचं प्रकरण याहून अवघड. साधं खनिज तेल ४० अंशाला ३२ सेंटिस्टोकचं असेल तर १० अंशाला ते जवळजवळ पाचपट घट्ट होतं. चांगल्या प्रतीचं, ज्याचा व्हिस्कॉसिटी इंडेक्स दोनशेच्या वर आहे असं, तिपटीच्या आसपास थांबतं. हा इंडेक्स जितका जास्त, तितका तापमानानं घट्टपणा कमी बदलतो. डिसेंबरच्या पहाटे रायरेश्वराच्या पायथ्याशी गाडी काढली की पहिली काही मिनिटं फोर्क लाकडी का वाटतो, त्याचं कारण हे. आत गोठायला आलेलं खोबरेल भरल्यासारखं हँडल हातात येतं, आणि दोन-तीन किलोमीटर दगड खाल्ल्यावर हळूहळू सुटं होतं. तेच एप्रिलच्या दुपारी उलट. म्हणून दोन बाटल्यांत निवड करायची असेल तर मी आधी ४० अंशाचा आकडा बघतो आणि लगेच १०० अंशाचा. दुसरा आकडा जितका मोठा, तितकं ते तेल दिवसभर एकसारखं राहणार. स्पितीला जाणाऱ्यांनी तर हे बघावंच. सकाळी शून्याखाली आणि दुपारी उन्हात तापलेल्या दगडांवर, असा प्रवास एकाच तेलाला करायचा असतो.

रविवारी फोर्क उतरवले. पुढचं चाक काढण्याआधी वरची झाकणं थोडी सैल करायची, फोर्क टीमध्ये, म्हणजे हँडलखालच्या पकडीत, घट्ट धरलेले असतानाच. एकदा बाहेर काढल्यावर नळी हातात फिरत राहते आणि झाकण हलत नाही. ब्रेकचं कॅलिपर होजवर लोंबकळू द्यायचं नाही, सुतळीनं वर बांधायचं. भाचीनं झाकण तळव्यानं दाबून फिरवलं तरी शेवटच्या आट्याला स्प्रिंगनं ते ठक्कन वर मारलंच. स्प्रिंग बाहेर ओढली, तिच्यावरून तेल निथळलं. हे लाल तेल गाडीत जेमतेम काही आठवडे होतं, तरी खाली परातीत पडलं ते राखाडी झाक घेऊन. वाकून बघितलं तर त्यात चंदेरी वर्ख फिरत होता. स्प्रिंग नळीला घासते, बुश झिजतात, त्याचा तो कीस. जुन्या फोर्क ऑइलला कुजक्या मासळीसारखा वास येतो, हाताला दोन दिवस राहतो. यानं अजून तो वास धरला नव्हता. नळी उलटी धरून दहा-वीस वेळा खालीवर केली, प्रत्येक वेळी आतून भसकन उरलेलं तेल येत राहिलं. ते सगळं एका डब्यात जमा केलं, गॅरेजमधल्या जळक्या तेलाच्या पिंपात टाकायला. मोरीत एक थेंबही नाही, हे मिस्त्रींकडचं नाही, माझं स्वतःचं.

मिश्रण मोजपात्रात केलं. आधी दहा, मग पाच, काचेच्या कांडीनं हळू ढवळत, म्हणजे हवा शिरत नाही. पाच नंबर दहात उतरताना क्षणभर पातळ दोरे दिसतात, उन्हात हवा थरथरते तसे, आणि मग दिसेनासे होतात. भाची डोळे न हलवता ते बघत होती. एका सिरिंजभर मिश्रणाची पुन्हा चाचणी घेतली. निळ्या दहापेक्षा पाचवा हिस्सा लवकर उतरलं. सूत्र आणि सुई एकमेकांना धरून होती.

आता पातळी. ऑइल किती मिलि भरायचं ते मॅन्युअलमध्ये असतं, पण मिलि हा ढोबळ आकडा, कारण जुनं थोडं आत राहतंच. खरी मोजायची ती उंची. स्प्रिंग काढलेली, फोर्क पूर्ण दाबलेला, नळी उभी, आणि नळीच्या वरच्या काठापासून तेलापर्यंतचं अंतर. भरल्यावर फोर्क सावकाश खालीवर करत राहायचं, आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी वर येते. ती थांबेपर्यंत मोजायचं नाही. मी सिरिंजला बारीक नळी जोडून तिच्यावर हव्या त्या उंचीची खूण करतो, ती खूण काठाला टेकवतो आणि जास्तीचं शोषून घेतो. या जाडीच्या नळीत दहा मिलि तेल म्हणजे पातळीत साधारण एक सेंटिमीटर. तेवढ्यानं काय होतं? सुरुवातीला काहीच नाही. तेलावरची बंदिस्त हवा हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे; फोर्क जितका दबतो तितकी ती आवळली जाते आणि शेवटच्या तिसऱ्या हिश्शात एकदम अंगावर येते. हवेची जागा कमी ठेवली तर हा शेवट कडक होतो. म्हणजे रोजच्या गोट्यांसाठी तेल पातळ ठेवायचं आणि मोठ्या उडीला फोर्क तळाला आपटू नये म्हणून पातळी जरा वर घ्यायची, असं दोन हातांनी खेळता येतं. आम्ही पातळी आधी मॅन्युअलप्रमाणेच ठेवली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशामुळे काय झालं तेच कळत नाही.

पुन्हा तीच वाट. गोट्यांच्या रांगेत हँडल वर येताना दिसत होतं, प्रत्येक दगडाला, वेळेवर. ती वर पोचली तेव्हा मनगटांबद्दल काही बोललीच नाही, पाणी प्यायली आणि पुन्हा खाली गेली. पायरीवरून उतरताना मात्र एकदा ठण्ण असा धातूचा आवाज आला आणि झिप टाय पार वर जाऊन बसला. त्या आवाजानं माझ्या पोटात गोळा आला, तिला मात्र तो आवाज फार आवडला, "पूर्ण वापरला ना मग!" म्हणाली. घरी येऊन दोन्ही फोर्कमध्ये थोडं थोडं मिश्रण वाढवलं. आवाज गेला. गोट्यांवरचा मऊपणा तसाच राहिला. पण वळणावर ब्रेक धरला की गाडी आता पूर्वीपेक्षा पुढून जास्त खाली बसते, हे तिनं स्वतः सांगितलं, आणि ते खरं आहे. चोवीसच्या तेलात ते येणारच. त्यावर उपाय तेलात नाही. स्प्रिंग तिच्या वजनाला साजेशी आहे का ते बघायला हवं, किंवा दांड्यावर बसणारा एम्युलेटर घालायला हवा, ज्यात हळू आणि वेगवान हालचालीला वेगवेगळा विरोध मिळतो. त्याचे पैसे सध्या तिच्याकडे नाहीत आणि माझ्याकडून ती घेणार नाही. तोवर तिनं आपला ब्रेक सुधारायला घेतला आहे, आधीपासून धरायचा, हळूहळू आवळायचा. हे मला फोर्क सुधारण्याहूनही मोलाचं वाटतं, आणि तरी मनात कुठेतरी रुखरुख आहे की एवढ्याशा तेलाकडून आपण जे मागितलं त्यातलं निम्मंच मिळालं.

उरलेल्या मिश्रणाची बाटली भाचीनं स्वतःकडे ठेवली. तिच्यावर मार्करनं लिहिलं आहे: ४० अंशाला २४, दोन भाग दहा, एक भाग पाच, कंपनीचं नाव, पातळी किती, वजन ५२, उन्हाळा. परवा फोन आला. तिच्या मैत्रिणीनं जुनी इम्पल्स मोटरसायकल घेतली आहे, तिचे सील गळताहेत, आणि मैत्रिणीचं वजन अठ्ठावन्न. हीच बाटली तिला चालेल का? मी म्हटलं, इम्पल्सचा फोर्क वेगळा, स्प्रिंग वेगळी, मला काय माहीत. रविवारी गाडी घेऊन या दोघी. आधी तिला हेल्मेट-बूट घालून गाडीवर बसवू, फोर्क किती खचतो ते टेपनं मोजू, तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आला तर तेलाकडे वळू. आणि येताना जनावरांच्या औषधाच्या दुकानातून दोन सुया आणा, आधीची वाकली आहे.